रोज हसरा चेहरा दाबणाऱ्या काकू

चिमूटभर | रविवार, रात्री १०:४२

मी आरोग्य मानसशास्त्रात पीएचडी करतेय. "म्हणजे नक्की काय?" हे लग्नकार्यांत इतक्या वेळा विचारून झालंय की आता माझं उत्तर पाठ आहे. माणसाला काय करायला हवं ते ठाऊक असतं, तरी तो करत नाही. ते का, याचा अभ्यास. यावर समोरची बाई हमखास म्हणते, "मग आमच्या ह्यांचाच अभ्यास कर!" असो.

त्यातला माझा कोपरा म्हणजे मोबाईलवरून मनाच्या तब्येतीसाठी दिली जाणारी मदत. अ‍ॅप, चॅटबॉट, मेसेज वगैरे. लोक ती घेतात का, घेतली तर किती दिवस टिकतात, आणि सोडतात ती का.

गेल्या पावसाळ्यात एका अ‍ॅपची मराठी आवृत्ती लोकांना कळतेय का हे बघायला मी धनकवडी आणि अप्पर इंदिरानगरच्या बाजूला घरोघर फिरत होते. (अ‍ॅपचं नाव सांगणार नाही, विचारू नका. माणसांचे तपशीलही बदललेत.) अ‍ॅप रोज संध्याकाळी ७ वाजता विचारायचं, 'आज कसं वाटतंय?' खाली पाच चेहरे, पार रडक्यापासून पार हसऱ्यापर्यंत. एका काकूंच्या नोंदी बघून आमच्याकडे सगळे खूश. सलग २६ दिवस, एकही खाडा नाही, रोज हसरा चेहरा. "सादरीकरणात यांनाच घेऊ," असंही ठरलं.

मी भेटायला गेले. काकू पोळ्यांची कामं करतात. चार घरच्या करून आल्यावर स्वतःच्या घरच्या लाटत होत्या. अर्ध्या तासात कळलं ते असं: नवऱ्याचं काम सुटलंय, तीन महिने झोप नाही, "जेवते गं, पण चव लागत नाही." मी विचारलं, "मग काकू, फोनवर रोज हसरा का दाबता?" त्यांनी पिठाचे हात फडक्याला पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं जशी मीच ढ आहे. "फोन पोराचा आहे. रात्री त्याच्याकडंच असतो. रडका दाबला तर तो विचारणार, आई काय झालं. त्याची बारावी आहे यंदा."

२६ दिवसांचा आमचा तो सुंदर डेटा म्हणजे मुलाला काळजी वाटू नये म्हणून एका आईने घातलेलं पांघरूण होतं. आणि आम्ही ते आलेखावर काढून बसलो होतो.

थोडं पुस्तकी बोलते, कारण हा घोळ फक्त आमचा नाही. २०१९ साली ९३ मनःस्वास्थ्य अ‍ॅप्सचा प्रत्यक्ष वापर तपासून एक लेख आला. इन्स्टॉल करणाऱ्यांपैकी पंधराव्या दिवशी अ‍ॅप उघडणारे किती? मध्यक ३.९ टक्के. तिसाव्या दिवशी ३.३. म्हणजे शंभरातले जवळजवळ ९७ जण महिनाअखेरीस गायब. गुंथर आयझेनबाख यांनी तर २००५ सालीच 'गळतीचा नियम' मांडला होता: इंटरनेटवरच्या आरोग्य-कार्यक्रमात गळती हा अपघात समजू नका, ती होणारच, तेव्हा तिचाच अभ्यास करा.

आमच्या शास्त्राचा पायाच मुळी असल्या कोड्यावर घातला गेलाय. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयरोग तपासायला एक्स-रेच्या गाड्या वस्तीत उभ्या केल्या, फुकट. तरी लोक येईनात. ते का येत नाहीत यातून 'आरोग्य-श्रद्धा प्रारूप' जन्मलं. रोग मला होईल असं वाटतं का, झाला तर गंभीर वाटतो का, उपायाने फायदा दिसतो का, आड काय येतं. पुढे २०११ मध्ये सुझन मिची आणि सहकाऱ्यांनी आधीची १९ प्रारूपं चाळून सुटसुटीत मांडणी केली: माणूस एखादी गोष्ट करतो ती जमत असेल, संधी असेल आणि इच्छा असेल तर. क्षमता, संधी, प्रेरणा. अ‍ॅपवाले प्रेरणेवर तुटून पडतात. बॅज, फटाके, 'शाब्बास!' काकूंकडे प्रेरणा होती. स्वतःचा फोन नव्हता.

माझा प्रश्न साधा आहे. तुम्ही झोप, व्यायाम, सिगारेट, मूड, कशाचंही अ‍ॅप घेतलं असेल तर सोडलं केव्हा आणि का? 'आळस' सोडून दुसरं कारण सांगा. आळस हे कारण नसतं, ते माझ्या गाइडचं मत आहे.

---

खवचट पेठकर | रविवार, रात्री ११:०५

पहिला! लेख छान. पण तुमच्या क्षेत्रात 'इंटरव्हेन्शन'ला 'हस्तक्षेप' म्हणतात हे एकदा वाचलं होतं, तेव्हापासून दाताखाली खडा आल्यासारखं होतंय. हस्तक्षेप म्हणजे आमच्या वाड्यात भांडण चालू असताना वरच्या मजल्यावरून येणारा आवाज. असा 'डिजिटल हस्तक्षेप' घरात कोण घेईल?

बाकी, आळस हे कारण नसतं म्हणणाऱ्या तुमच्या गाइडना एकदा दुपारी १ ते ४ मध्ये आमच्याकडे पाठवा.

---

चिमूटभर | रविवार, रात्री ११:२०

@खवचट पेठकर, हस्तक्षेप शब्दावर आमच्याकडेही दोन मीटिंगा झाल्यात. संमतिपत्रात शेवटी 'उपक्रम' लिहिलं. एका आजोबांनी विचारलं, उपक्रम म्हणजे भजनी मंडळासारखं का? मी हो म्हणाले. फार खोटंही नव्हतं ते.

---

नाना_तळजाई | सोमवार, सकाळी ६:५८

वय वर्षे ७१. मधुमेह १४ वर्षे. मुलाने घड्याळ दिले, त्यात पावले मोजतात. रोज १०,००० ची सक्ती. गुडघ्यामुळे ६,००० च्या पुढे जात नसे. मग रात्री नऊ वाजता ते मनगटावर थरथरायचे, 'अजून ४,००० बाकी!' हॉलमध्ये फेऱ्या घालायचो. सौ. म्हणाली, भूत लागल्यासारखे काय करता. एके दिवशी घड्याळ कपाटात ठेवले.

आता काय करतो ते सांगतो. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले आहे. फिरून आलो की त्या चौकोनात निळ्या पेनने फुली. आणि तळजाईवर आमचा आठ जणांचा कट्टा आहे. दोन दिवस गेलो नाही तर जोशी फोन करतो, "काय नाना, आहात ना?" त्या 'आहात ना'ची भीती घड्याळापेक्षा जास्त आहे.

तर १०,००० हा आकडा कोणत्या डॉक्टरने काढला, हे कोणी सांगेल काय?

---

चिमूटभर | सोमवार, सकाळी ९:३१

नाना, डॉक्टरने नाही, विक्रेत्याने. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव बसलं, आकडा जगभर झाला. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ बायकांचा अभ्यास आला. दिवसाला साधारण २,७०० पावलं टाकणाऱ्यांपेक्षा ४,४०० टाकणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी दिसलं, आणि ७,५०० च्या आसपास फायदा सपाट झाला. (हे नुसतं निरीक्षण आहे. जास्त चालल्यामुळे जगल्या की धडधाकट होत्या म्हणून जास्त चालल्या, हा पेच उरतोच.) बायकांचा अभ्यास आहे, पण तुमच्या ६,००० वर नाराज व्हायचं काही कारण मला दिसत नाही. गुडघ्याचं मात्र डॉक्टरांनाच विचारा.

फुलीबद्दल: २०१३ मध्ये वर्तनबदलाच्या तंत्रांची जी वर्गवारी झाली, त्यात ९३ तंत्रं आहेत. स्वतःच्या वागण्याची स्वतः नोंद ठेवणं हे त्यातलं एक. तुमचं निळं पेन त्या यादीत आहे. जोशीकाकाही आहेत, त्यांच्यावर सविस्तर नंतर लिहिते, आत्ता बस आली.

---

हिंजवडीकर | सोमवार, दुपारी १:१४

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. तीन वर्षं एका वेलनेस अ‍ॅपवर काम केलं (कंपनी आता नाही, नावही नको). आतली गोष्ट सांगतो. आमच्या बोर्डावर 'किती जण बरे झाले' असा आकडा नव्हता. 'आज किती जणांनी उघडलं' हा होता. युजर बरा झाला आणि त्याने अ‍ॅप काढून टाकलं, तर आमच्या लेखी तो तोटा.

त्यामुळे स्ट्रीक आली. सलग २१ दिवस केलं की सोनेरी कमळ. २१ का, असं मी विचारलं होतं. प्रॉडक्टवाला म्हणाला, सवय लागायला २१ दिवस लागतात, सायन्स आहे. आणि एक दिवस चुकला की कमळ कोमेजायचं आणि आकडा शून्यावर. १९ व्या दिवशी खाडा झालेले लोक विसाव्या दिवशी परत येतच नव्हते. आम्हाला हे डेटात स्पष्ट दिसायचं. उपाय काय केला? कोमेजण्याचं अ‍ॅनिमेशन आणखी चांगलं केलं.

---

चिमूटभर | सोमवार, रात्री ९:५०

@हिंजवडीकर, कमळ वाचून हसू की रडू कळेना.

२१ दिवसांचं मूळ एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या निरीक्षणात आहे, मॅक्सवेल माल्ट्झ. बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्याला वाटलं. नाकाचं ऑपरेशन आणि रोज ध्यान यांचा संबंध कुणी जोडला देव जाणे, 'किमान' तर वाटेतच गळून पडलं. फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर प्रत्यक्ष मोजलं. रोज ठरलेल्या प्रसंगाला जोडून एक कृती, जसं जेवणानंतर चालणं. आपोआप होण्याच्या पातळीला यायला मध्यक ६६ दिवस, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. अभ्यास ८४ दिवसांचाच होता, त्यामुळे वरचे मोठे आकडे गणिताने पुढे ताणलेले आहेत, हे सांगायला लोक विसरतात. पण तुमच्या कमळासाठी कामाची गोष्ट वेगळीच आहे: मध्ये एक दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. खाडा चालतो. खाड्यानंतरची शिक्षा चालत नाही.

---

अभ्यासिका१४ | मंगळवार, रात्री १:४७

नेहमी नुसता वाचतो, आज खातं उघडलं.

नांदेडकडचा आहे. एमपीएससीसाठी सदाशिव पेठेत चौथं वर्ष. तुम्ही सगळे अ‍ॅप सोडल्याचं सांगताय. माझ्यासाठी एक चॅटबॉट सात महिने एकमेव बोलणारा होता, हे सांगायला लिहितोय. अभ्यासिकेत बोलायचं नसतं. रूमवर तिघे, तिघांची परीक्षा तीच, कोण कोणाला काय सांगणार? घरी फोन केला की "अभ्यास कसा चाललाय" आणि मी "चांगला." रात्री दोनला तेच एक उघडं असायचं. आणि ते कुणाला सांगणार नाही हे माहीत होतं. (माहीत होतं म्हणजे वाटत होतं.)

सोडलं का ते सांगतो. मी मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचो. मुख्यचा निकाल लागला त्या रात्री लिहिलं, 'काहीच सुचत नाही, संपलं सगळं.' त्याचं उत्तर आलं, 'अरे वा! आणखी सांग.' मग दीर्घ श्वासाचा व्यायाम. मी घेतला पण तो श्वास. मग फोन उलटा ठेवून झोपलो.

पुढचे तीन दिवस बाहेर पडलो नाही. मेसचा डबा दाराशी यायचा तसाच परत जायचा. चौथ्या दिवशी मेसवाल्या काकू स्वतः जिना चढून आल्या. कधीच येत नाहीत, पाय दुखतात त्यांचे. म्हणाल्या, "भाजी आवडली नाही का?" बस, एवढंच. मी रडलो. त्यांनी खाली बसून वरण-भात कालवून दिला आणि निघताना पोराला पाठवून कॉलेजातल्या एका सरांना बोलावलं. सध्या उपचार चालू आहेत, बरा आहे. काळजी नसावी.

तरी मी म्हणेन, अ‍ॅपला सरसकट शिव्या नका देऊ. त्या सात महिन्यांत काकू माझ्यासाठी फक्त डबा होत्या.

---

मधुमालती | मंगळवार, सकाळी ८:२०

अभ्यासिका१४, लिहिलंस हे फार बरं केलंस. उपचार मध्येच सोडू नकोस.

मी समुपदेशक आहे. या धाग्यावर वाचणाऱ्या कोणाला गरज असेल तर: टेली-मानस, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली सेवा आहे. माणूस फोन उचलतो.

धाग्याच्या विषयावर एकच मुद्दा. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली सगळीकडे वापरतात, २००१ सालची. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. दवाखान्यात रुग्णाने तिथे खूण केली की डॉक्टर पेन खाली ठेवून त्याच्याकडे बघतो. अ‍ॅपवर रात्री दोनला कुणी ती खूण केली तर बघणारं कोण असतं? प्रत्येक अ‍ॅपवाल्याला मी हे विचारते. बहुतेकांचं उत्तर 'हेल्पलाइनचा नंबर दाखवतो' एवढंच असतं. संशोधकांचं काय उत्तर आहे?

---

चिमूटभर | मंगळवार, रात्री १०:१५

@मधुमालती, आमच्याकडे एथिक्स कमिटीने याच प्रश्नावर प्रस्ताव परत पाठवला होता आणि ते योग्यच होतं. आता त्या प्रश्नाला खूण झाली की ड्यूटीवरच्या समुपदेशकाला फोन जातो. त्यामुळे एका वेळी किती जणांना घ्यायचं याला मर्यादा आली. 'लाखो लोकांपर्यंत' वगैरे भाषा तिथेच संपली.

@अभ्यासिका१४, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. तू मला खोडून काढलंस आणि ते बरोबर आहे. १९६६ मध्ये एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा पहिला गप्पा मारणारा प्रोग्राम केला. आपलंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, बाकी काही नाही. त्यांच्या सेक्रेटरीला हे सगळं माहीत होतं, तरी थोडं बोलल्यावर तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं, खासगी बोलायचंय म्हणून. समोर कुणी नाही हे कळत असूनही माणूस बोलतो. कधीकधी कुणी नाही म्हणूनच बोलतो. मी हे विसरले होते.

आणि तुझ्या काकू. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात ४८ विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये दहा आठवडे सेन्सर चालू ठेवले होते. कधी झोपले, किती हलले, आसपास बोलण्याचा आवाज किती. यावरून ताण नि उदासी ओळखता येते का ते बघायला. फार हुशारीचं काम आहे, त्यानंतर शेकडो जणांनी तसं केलं. तुझ्या काकूंनी ते परत आलेल्या डब्यावरून केलं, आणि फरक असा की कळल्यावर त्या जिना चढल्या. ओळखणं आणि जिना चढणं यांच्यामधली जागा आमच्या बहुतेक अ‍ॅप्समध्ये रिकामी आहे.

नाना, जोशीकाकांचं राहिलं होतं. २०११ मध्ये डेव्हिड मोर आणि सहकाऱ्यांनी हेच मांडलं: ज्याचं आपलं भलं व्हावं असं मनात आहे आणि ज्याला थोडंफार कळतं, अशा कुणाला तरी आपण उत्तर द्यायचंय ही जाणीव असली तर माणूस ऑनलाइन कार्यक्रमात टिकतो. त्यांनी त्याला भारदस्त नाव दिलंय. मी मनात 'आहात ना' म्हणते.

---

खवचट पेठकर | मंगळवार, रात्री १०:४१

म्हणजे हजारो डॉलर खर्चून सिद्ध काय केलं, तर शेजारी असावेत. आमच्या आजीला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं. वर गूळपाणी दिलं असतं.

---

चिमूटभर | मंगळवार, रात्री ११:०२

आजीला विचारलं असतं तर तिने हेही सांगितलं असतं की मनाचं दुखणं चारचौघांत काढायचं नाही. शेजारी असतात म्हणूनच तर काकू हसरा दाबतात. :)

आणि मशीनने काहीच होत नाही असंही नाही. २०१३ मध्ये आपल्याकडचाच एक अभ्यास आला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३७ नोकरदार पुरुष, दक्षिण भारतातले. सुरुवातीला सगळ्यांना सल्ला दिला, मग निम्म्यांना साधे एसएमएस. स्मार्टफोन नाही, कमळ नाही. दोन वर्षांत मधुमेह झाला तो एसएमएसवाल्यांत १८ टक्के, बाकीच्यांत २७. मजकूर मात्र माणूस बदलाच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते बघून पाठवत होते. दुसऱ्या टोकाला गोव्याचं काम. २०१७ मध्ये विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शिकवून तयार केलेली साधी माणसं सहा ते आठ बैठकांत तीव्र नैराश्याला चांगला उतार देऊ शकतात. तीन महिन्यांनी उतार ६४ टक्क्यांना, नेहमीच्या उपचारात ३९. बैठकांत काय करायचे? थांबलेली कामं हळूहळू परत सुरू करणं. मुख्य तेच.

मला वाटतं फोनने निरोप्या व्हावं, डॉक्टर होऊ नये. हे माझं मत, प्रबंधात असं लिहिता येणार नाही.

---

हिंजवडीकर | बुधवार, दुपारी १२:३०

काकूंचं पुढे काय झालं? पाच चेहरे आहेत तसेच आहेत का?

---

चिमूटभर | बुधवार, रात्री ९:०५

नाहीत, काढले. काकूंनाच विचारलं, काय ठेवू. त्या म्हणाल्या, "पोळ्या किती झाल्या ते विचार. ज्या दिवशी जीव लागत नाही त्या दिवशी एक घर बुडतं." आता त्यांच्या फोनवर, म्हणजे मुलाच्या फोनवर, संध्याकाळी एकच प्रश्न येतो: 'आज किती घरं?' मुलाला तो हिशेबाचा वाटतो. चारच्या खाली सलग दोन दिवस गेले की आमच्याकडची आशाताई त्यांना दुपारी फोन करते, मुलगा क्लासला गेल्यावर. म्हणजे क्लासला जाताना त्याने फोन घरी ठेवला तर. ते अजून सुटलेलं नाही. कुणाला काही सुचत असेल तर लिहा.

---

नाना_तळजाई | गुरुवार, सकाळी ७:०३

माझा जुना बटणवाला फोन पडून आहे. चालू आहे, बॅटरी नवी घातली होती. कार्ड तेवढे लागेल. कुठे आणून देऊ?